अक्काची बाटली

आमचे मालक घराच्या पत्र्यावर दगड ठेवायला चढले आणि घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. देगलूरच्या डॉक्टरांनी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं हाडात सळई घातली, ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले. दुसऱ्या दिवशी मालकांनी चहात पाव बुडवून खाल्ला, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला "तुमचं काय मोडलं?" असं विचारून त्याची सगळी हकिकत ऐकून घेतली. मी लातूरला लेकीला फोन केला. विशाखा तिकडं शिकवणीच्या पोरांसाठी मेस चालवते, तिला उठून येणं सोपं नाही. म्हटलं, घाई करू नको, तुझे बाबा बोलून राहिले.

त्यानंतर बिघडलं.

आधी त्यांचे हात थरथरायला लागले, पेला धरता येईना. मग घाम सुटला. मग ते भिंतीकडं बघून म्हणाले, "चांगुणा, त्या मुंग्या झाडून काढ की."

भिंत स्वच्छ होती. मालक गवंडी. जन्मभर लोकांच्या भिंती उभ्या केल्या, भिंतीवर काय आहे आणि काय नाही हे त्यांना मी सांगायची पाळी कधी आली नव्हती.

"मुंग्या न्हाईत वो."

"दिसून न्हाई राहिल्या तुला? पायावर चढल्या माझ्या!" असं ओरडून त्यांनी सलाईनची नळी उपटली. दोघा वॉर्डबॉयनी धरून त्यांचे हात खाटेला फडक्यानं बांधले.

वॉर्डात शिवकन्या नावाची तरुण डॉक्टरीण होती, शिरूर अनंतपाळची. गोड बोलायची, पण एकदा विचारलेलं पुन्हा विचारायची. तिनं मला बाजूला घेतलं.

"आजी, बाबा दारू पितात का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"न्हाई."

"कधीच नाही?"

"पयली प्यायचे. लेक पाळण्यात होती तवा विहारात समद्यांसमोर सोडली. तवापासून थेंब न्हाई."

मी खोटं बोलले नव्हते. आमच्या देगलूरकडं शिंदीला कोणी दारू म्हणत नाही. शिंदी झाडाची असते. झाडाला मडकं बांधतात, त्यात रस पाझरतो, तो उतरवून विकतात. लेकराला गोवर आला की घोटभर देतात, उन्हाळ्यात डोळे जळायला लागले की देतात. दारू सोडलेला माणूस संध्याकाळी शिंदीच्या दुकानात बसला तर त्यानं शब्द मोडला असं आमच्यात कोणाच्या मनातही येत नाही. डॉक्टरणीनं दारूचं विचारलं, मी दारूचं सांगितलं. तिनं मान हलवली आणि डोक्याचा फोटो काढायला लिहून दिलं.

आता पिराजीचं सांगते, कारण त्याच्याशिवाय यातलं काहीच समजणार नाही.

गावात शिंदीचं दुकान पिराजीचं. मालक आणि तो लहानपणापासूनचे जोडीदार. मला सख्खा भाऊ नाही. विशाखाच्या लग्नात नवरीच्या मागं मामा म्हणून कोणी उभं राहायचं यावरून आमच्याच भावकीत रुसवे सुरू झाले, तेव्हा पिराजी मांडवात पुढं आला आणि म्हणाला, "मी हाय मामा. कुनाचं काय म्हणणं हाय?" त्याच्या जातीतले लोक त्याला पुढं कितीतरी दिवस टोमणे मारायचे, बौद्धांच्या मांडवात मामा होऊन आला म्हणून. तो हसून सोडून द्यायचा. त्या दिवसापासून मी त्याची अक्का झाले आणि मालक त्याचे दाजी. पंचमीला तो मला साडी आणायचा. माझ्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं तसा तो मालकांच्या हाती रोज एक छोटी बाटली पाठवायला लागला. "अक्काला द्या, थंड असती, आराम पडल." मी ती जेवण झाल्यावर औषधासारखी घ्यायचे आणि सकाळपर्यंत कूस बदलायचे नाही.

मालकांचे हात बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी पिराजी भेटायला आला. खांद्यावर पिशवी, डोक्याला नेहमीचा रुमाल.

"काय दाजी! नांदेड बघायला आलाव अन् पलंगच सोडून न्हाई राहिलाव?"

मालकांनी त्याला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. ते छताकडं बघून कोणाला तरी विटा मोजून देत होते. पिराजीचं हसू गेलं. तो त्यांच्या थरथरणाऱ्या बोटांकडं बराच वेळ बघत बसला. तेवढ्यात डॉक्टरीण फेरीवर आली. "तुम्ही कोण? यांना आधी कधी असं झालं होतं का? काही गोळी, काही व्यसन?" तिनं त्यालाही विचारलं.

"न्हाई जी," पिराजी म्हणाला. "लई साधा माणूस हाय."

ती पुढच्या खाटेकडं गेल्यावर त्यानं पिशवीतून बाटली काढली. "नारळपाणी हाय अक्का. सिस्टरनं इचारलं तर नारळपाणी."

वासावरून मला कळलं. मी पदराआड हसले. बरंच वाटलं, की आपल्या माणसाला आपल्या माणसाची आवड ठाऊक आहे. त्यानं मालकांची मान उचलून घोट घोट पाजलं. थोड्याच वेळात त्यांची बोटं थांबली, कपाळावरचा घाम आटला. त्यांनी डोळे उघडून "पिराजी, कवा आलास?" असं विचारलं आणि झोपी गेले. मोठमोठ्या औषधांनी जे झालं नव्हतं ते त्यानं केलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको मला म्हणाली, "मावशी, तुमच्या भावाच्या हाताला गुण हाय बघा." माझा ऊर भरून आला.

माझेही हात सकाळपासून कापत होते. जिवात नुसती घालमेल होती, नांदेडला आल्यापासून डोळ्याला डोळा नव्हता. काळजीनं असेल, दुसरं काय. पिराजी गाडीच्या वेळेला निघून गेला. बाटलीच्या तळाशी थोडी शिंदी राहिली होती, ती मी पिऊन टाकली आणि खाटेखाली चटईवर अशी झोपले की सिस्टरला मला हलवून उठवावं लागलं.

पुढच्या दिवशी पिराजी नव्हता, बाटलीही नव्हती. दुपारी मालकांचं सगळं अंग ताठ झालं, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला. खाट हलायला लागली. डॉक्टरीण धावत आली, सुया दिल्या. झटका थांबला, पण यंत्रावरची छातीची रेघ वेडीवाकडी धावायला लागली. तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघंही त्या रेघेकडं बघून हळू आवाजात बोलत राहिले.

"डोक्याच्या फोटोत काही नाही," ती मला म्हणाली. "रक्तातही असं काही सापडत नाही. आजी, त्यांचा हात जरा धरून ठेवा, सुई घालायची आहे."

मी धरला. तिनं सुई पुढं आणली आणि थांबली. ती मालकांच्या हाताकडं बघत नव्हती, माझ्या हाताकडं बघत होती.

"बोटं पसरा बघू. दोन्ही हातांची."

मी पसरली. ती वाऱ्यातल्या पानासारखी हलत होती.

"तुम्ही काय घेता, आजी?"

"म्या? गुडघ्याला तेल लावते."

"पोटात काय घेता?"

"काय न्हाई. वाटीभर शिंदी. ती काय दारू न्हाई."

"आणि बाबा?"

"ते रोज दुकानात बसून पितात."

ती उठून गेली, कोणाला तरी फोन केला. परत आली ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"आजी, नुसत्या शिंदीनं असं होत नाही. तिच्यात गुंगीची पावडर मिसळत असतील. तुमच्या भागात असे पेशंट आधीही आले आहेत, असं सर म्हणाले."

"माझा भाऊ इकतो ती. पाणीबी घालत न्हाई तो."

"घालत नसतील. मग तुमचे हात का कापतात?"

मी हात पदराखाली घेतले.

मग तिनं मला नीट समजावलं. आपल्या मेंदूत कोट्यवधी पेशी एकमेकींना निरोप देत असतात. काही निरोप 'ऊठ, कर, पळ' असे असतात आणि काही 'शांत बस' असे. शांत बसवणारा जो रस असतो त्याला गाबा म्हणतात. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी बारीक दारं असतात. गाबा येऊन टेकला की दार उघडतं, मिठातले कण आत शिरतात आणि पेशी निवते. गुंगीची पावडर त्याच दाराला बाजूनं जाऊन चिकटते, मग गाबा आला की दार नेहमीपेक्षा जास्त उघडतं. माणसाला आराम वाटतो, झोप लागते. पण रोज रोज बाहेरून अशी मदत यायला लागली की मेंदू आपली दारं कमी करतो, असलेलीही ढिली पडतात.

"अन् पावडर बंद झाली की?" मी विचारलं.

"मग शांत बसवणारं कोणी उरत नाही. सगळ्या पेशी एकदम ओरडतात. हात कापतात, नसलेल्या मुंग्या दिसतात, झटका येतो."

मला आमचं घर आठवलं. घरात एखादं म्हातारं माणूस असतं, लेकरांनी दंगा केला की ते नुसतं खाकरतं आणि सगळी गप्प होतात. त्याच्या जागी बाहेरचा दांडगा माणूस बोलावून रोज दटावणी सुरू केली, तर म्हातारं उठून निघून जाणार. आणि एक दिवस तो दांडगाही आला नाही तर त्या घरात काय होईल?

"एवढं कळलं हाय तर आता औषध द्या की," मी म्हटलं.

"देतो आहोत. त्याच दारांवर चालणारं औषध मोजून द्यायचं आणि हळूहळू कमी करायचं. पण पावडर दोन तऱ्हेची असते. एक झोपेच्या गोळ्यांची. दुसरी क्लोरल म्हणून असते, ती हृदयालाही त्रास देते. बाबांचे ठोके बिघडलेत. यांच्या पोटात कोणती आणि किती जात होती हे कळलं तर कोणतं औषध द्यायचं नाही ते आम्हाला ठरवता येईल. अंदाजानं दिलं आणि चुकलं तर ते हातचे जातील. भावाला विचारा."

मी तिच्यासमोरच पिराजीला फोन लावला.

"पिराजी, शिंदीत काय टाकतोस?"

"काय टाकतोय? अक्का, काय बोलून राहिलीस तू?"

"डॉक्टरीण म्हणती पावडर हाय."

"त्यांना काय कळतंय? पुस्तकं वाचून आलेली लेकरं ती. तुझ्या नातवाची शपथ, अक्का. काय बी टाकत न्हाई."

मला केवढं हायसं वाटलं! फोन ठेवून मी डॉक्टरणीला म्हटलं, "माझ्या नातवाची शपथ घेतली त्यानं."

तिनं विचारलं, "त्यांना स्वतःची नातवंडं नाहीत का?"

"हायती की, तीन..."

पिराजीला तीन नातवंडं. धाकटीला तो दुकानाच्या गल्ल्यावर बसवून लाडू भरवतो. तिची शपथ त्यानं घेतली नव्हती.

मी पुन्हा फोन लावला. या वेळी काही विचारलं नाही. म्हटलं, "उद्या सकाळच्या गाडीनं ये. न्हाई आलास अन् यांचं काय बरंवाईट झालं, तर मी त्यांना घरी न्हेणार न्हाई. तुझ्या दुकानाच्या दारात आणून ठेवीन." त्याचं उत्तर ऐकायला मी थांबले नाही.

तो आला. वॉर्डात शिरला नाही, मला खुणेनं बाहेर बोलावलं. पाण्याच्या टाकीजवळ आम्ही उभे राहिलो. लोक येऊन बाटल्या भरून नेत होते, त्यांची पाठ वळली की तो बोलायचा.

"अक्का, हळू बोल."

"मी अजून बोललेच न्हाई."

"झाडं कुठं हायती, सांग. माझ्या बापाच्या काळी ओढ्याला शिंदीचं बन होतं. आता चार खुंट राहिलेत अन् समदं गाव दुकानात. बाकीचं पाणी असतं, गोडाची गोळी अन् पावडर. पावडर न्हाई टाकली तर गिऱ्हाईक थुकून दुसरीकडं जातंय. मी एकटाच हाय का?"

"त्या दिशी बाटली आणलीस. यांना काय हून राहिलं ते तुला ठाव होतं."

"ठाव होतं म्हणून तर आणली. दाजीचे हाल बघवंनात."

"डॉक्टरीण इचारत होती तुला. तोंडासमोर उभी होती. लई साधा माणूस हाय म्हणलास."

तो टाकीकडं वळला. नळ गळत होता, त्यानं तो घट्ट केला.

"अन् माझ्या बाटलीत?"

"तुझ्या बाटलीत कमी टाकायचो, अक्का." हे तो असं म्हणाला, जणू मी त्याला शाबासकी द्यावी. "आईशप्पत, निम्मीबी न्हाई. तुझी बाटली मी सोता, येगळी भरायचो."

मला वाटलं होतं, त्याला माझी बाटली आठवणार नाही. सगळ्यांच्या पिंपातली एक भरून देत असेल. पण तो रोज आठवणीनं माझी वेगळी बाटली घेत होता, हातानं मापून तिच्यात कमी विष घालत होता आणि बूच लावून माझ्या नवऱ्याच्या हाती देत होता.

"बिनपावडरची दिली असतीस तर तुझं काय गेलं असतं रे?"

"मी तशीच देत होतो पयली. दाजीच म्हणले."

"काय म्हणले?"

"म्हणले, ती रातभर कण्हती, उठून बसती, मला झोपू देत न्हाई. टाक थोडं तिच्यात."

"त्यांना पावडरीचं ठाव होतं?"

पिराजीनं रुमाल काढून तोंड पुसलं. "अक्का, दुकानामागची खोली दाजीनंच बांधून दिली. बिनखिडकीची. कशाला पाहिजे ते सांगूनच बांधून घेतली मी."

त्या खोलीचं काम चाललं होतं तेव्हा मी तिथं डबा घेऊन गेले होते. खिडकी का नाही म्हणून विचारलं होतं. मालक म्हणाले होते, "उंदीर येतात."

मी पिराजीच्या दंडाला धरलं आणि डॉक्टरणीच्या टेबलासमोर नेऊन उभं केलं. "सांग," म्हटलं. त्यानं सांगितलं. दोन्ही पावडरी होत्या. गोळ्यांची होती, आणि तेलंगणातून येणारी क्लोरलही होती. किती पिंपाला किती, तेही सांगितलं. डॉक्टरीण एक शब्द वावगा बोलली नाही, फक्त भराभर विचारत गेली आणि उठून वॉर्डात गेली. पिराजी जिन्याकडं निघाला. दाजींना बघून जातो असं तो म्हणाला नाही, मीही बघून जा म्हटलं नाही.

औषधं बदलली. छातीची रेघ हळूहळू सरळ झाली. मुंग्या गेल्या. मलाही गोळी सुरू केली, माझे हात थांबले. चौकीतला पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा मी पिराजीचं नाव सांगितलं. "आणखी कोणाला माहीत होतं?" असं त्यानं विचारलं. मी गप्प राहिले. ते दुसरं नाव कुठल्या गुन्ह्यात बसवायचं ते मला कळलं नाही.

मालक शुद्धीवर आले, डोकं स्वच्छ झालं. पहिलंच विचारलं, "पिराजी आला न्हाई का?"

"आला होता." मी मोसंबी सोलत होते, ती सोलून पूर्ण केली. "त्याच्या दुकानामागची खोली कशाला बांधली वो तुमी?"

ते छताकडं बघायला लागले. म्हणाले, "तुला कुनी सांगितलं?"

खोटं आहे असं ते म्हणाले असते तर मी कदाचित तेच धरून बसले असते. माणूस कशालाही धरून बसतं.

"मला का पाजली?"

"गुडघ्यानं तळमळायचीस. बघवत नव्हतं."

"मला इचारायचं होतं."

"इचारलं असतं तर घेतली असतीस व्हय?" ते थोडे चिडले. आजारातून उठलेल्या माणसाचा राग, त्यात जोर नव्हता. "झोपायचीस ना पर? किती गाढ झोपायचीस."

झोपायचे. सकाळी उठून मी पिराजीला मनातल्या मनात आशीर्वाद द्यायचे, भावानं पाठवलेल्या वस्तूला गुण असतोच म्हणून. माझ्या डोक्यातलं ते खाकरणारं म्हातारं माणूस या दोघांनी मिळून घराबाहेर काढलं होतं, आणि वर माझ्यावर माया केल्यासारखे बोलत होते. माया होतीच. तीच तर मला गिळवत नव्हती. नुसता दुष्टावा असता तर थुंकून मोकळी झाले असते.

सुट्टी मिळाली त्या दिवशी विशाखा लातूरहून गाडी घेऊन आली. डॉक्टरणीनं सांगितलं की गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. मेंदूला आपली दारं पुन्हा उभी करायला वेळ लागतो. महिनोन्महिने थोडं थोडं कमी करत जायचं, आणि तोवर गावाकडं, त्या दुकानाच्या आसपास जायचं नाही. दोघांनी लेकीकडं राहायचं.

"गोळ्या कोणाजवळ देऊ?" तिनं विचारलं. "एकाच माणसानं दोघांच्या सांभाळलेल्या बऱ्या."

मालकांनी हात पुढं केला. "आणा इकडं. हिला काय कळतंय त्यातलं."

"यांच्या विशाखाजवळ द्या," मी म्हटलं. "माझी पुडी येगळी करा बाई. ती माझ्याजवळ. अन् वर मराठीत लिवा, कवा अन् कितीक."

"आई, मी देत जाईन की तुला," विशाखा म्हणाली. तिचा मामा तिच्या लग्नात तिच्या मागं उभा होता. तिला मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"नगं बाई."

डॉक्टरणीनं लिहून दिलं. साक्षरतेच्या वर्गात मी बसले तेव्हा केस पांढरे झाले होते. अजूनही एकेका अक्षरावर बोट ठेवल्याशिवाय मला पुढं सरकता येत नाही. मी तिथंच उभी राहून मोठ्यानं वाचलं, दुपारी अन् रात्री जेवणानंतर अर्धी. मग गोळीचं नाव वाचलं. ते अवघड होतं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा नीट आलं. मालक खाली मान घालून ऐकत होते.

गाडीत बसल्यावर दुपारची गोळी घ्यायची होती. विशाखानं त्यांची त्यांच्या तळहातावर ठेवली. मी माझ्या पुडीतून माझी काढली. मालकांनी आपला पाण्याचा पेला अर्धा पिऊन माझ्यापुढं धरला, जन्मभर धरत आले तसा. मी बाटली उघडून माझा वेगळा भरून घेतला.